धुरीच्या खोलीचं दार

ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. मी त्या दिवशी तिथे होतो, एवढंच सांगतो.

गेल्या एप्रिलची गोष्ट. तासगावजवळ माझ्या पुतण्याचं, लालासाहेबाचं, बेदाण्याचं शेड आहे. बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. धुरी चालू असताना दार उघडं दिसलं, की दिसेल त्याने बाहेरून कडी घालायची. आत डोकावायचं नाही, डोळे जळतात. आमच्याकडे हीच रीत.

त्या खोलीसमोर कॅमेरा होता. त्याचा कॉम्प्युटर बिघडला, म्हणून दुरुस्तीवाला तारिक सकाळी नवी सिस्टीम टाकायला आला.

सिस्टीम बसली. आम्ही पडद्याकडे बघितलं. बाहेर सकाळचे साडेदहा... पडद्यावर दुपारचे चार.

आणि धुरीच्या खोलीचं दार हलत होतं.

आतून कुणीतरी धक्के मारत होतं...

आम्ही धावलो. दार सताड उघडं. खोली रिकामी. धुरी अजून पेटलीच नव्हती.

परत आलो. पडद्यावर दार हलतच होतं.

"तारिक, लेका, सिस्टीम घातलीस का भूत?" लालासाहेब म्हणाला.

"आवं भाऊ, घड्याळाचा घोळ हाय. आतलं घड्याळ आपल्या वेळेवर हुतं. नव्या सिस्टीमला वाटलं, ही लंडनची वेळ. तिनं वर साडेपाच तास चढवलं. चित्रबी त्यातच गंडलं असंल."

त्याने वेळ नीट केली. पडद्यावरचं दार उघडं दिसू लागलं.

लालासाहेबाची बायको विजयमाला दिवसभर चिडवत होती. "लंडनचं भूत आलतं म्हणं बेदाणा खायला!"

दुपारी धुरी पेटवली. मी जेवून जरा पडलो. उठून आलो, तर तारिक आणि विजयमाला पडद्यासमोर चहा पीत हसत होते.

दार हलत होतं.

"नाना, बघा, परत लंडन!" विजयमाला मला म्हणाली.

मी कोपऱ्यातली वेळ बघितली... चार. भिंतीवरच्या घड्याळातही चार.

"लाला कुठाय?"

"आसंल की निवडणीच्या मशिनीवर." मग तिने कप खाली ठेवला. "आवं नाना... धुरीचं दार उघडं हुतं. मीच आत्ता कडी घालून आले."

पडद्यावर दार हलायचं थांबलं.

लालासाहेब गंधक विझलं का ते बघायला आत गेला होता. निवडणीच्या मशीनच्या आवाजात त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. कडी काढली तेव्हा तो दाराला टेकूनच होता. दाराबरोबर बाहेर पडला.

पोलिसांनी सकाळचं चित्रणही बघितलं. आम्ही पडद्याकडे वळण्याआधीच ते सुरू झालं होतं.

त्यात लालासाहेब तोंडाला टॉवेल गुंडाळून आत जातो. विजयमाला येते. कडी घालते.

सकाळी चित्र जरा मागे घेऊन बघितलं असतं तर...

विजयमाला अजून विचारते, "नाना, सकाळच्या त्या चित्रात माझं तोंड दिसतं का वो?"

मी न्हाई म्हणतो.

दिसतं.

दुपारच्या चित्रात ती कडी घालते आणि तशीच निघून जाते. सकाळच्या चित्रात ती जात नाही. दाराला पाठ लावते, कॅमेऱ्याकडे बघत उभी राहते...

दार हलायला लागतं. मग जाते.