पिठातली पावलं

काल संध्याकाळी शनिवार पेठेतल्या गिरणीवरून मी तांदळाचं पीठ आणलं. माणसानं जिथे प्राण सोडला तिथे पीठ पसरायचं, त्यावर मोठी टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा ठेवायचा. सकाळी पिठात पावलं उमटलेली दिसतात म्हणे. आमच्याकडे पूर्वीपासून करतात.

पीठ चाळताना मी रागानं चाळणी आपटत होते. हे गेले म्हणून नव्हे, कसे गेले म्हणून. "मंदा, डोळा लागला की हाक मार. झोपेत जायचं नाही मला, तुझ्याशी बोलत जायचंय," एवढंच त्यांनी मागितलं होतं. परवा दुपारी मी औषध आणायला खाली उतरले, तेव्हा त्यांच्या पुतण्याला, शौनकला, उशाशी बसवून बजावलं होतं. परत आले तर सगळं संपलेलं.

"किती शांत झोपले होते, काकू. उठवावंसं वाटेना."

हा शौनक परदेशात मरणाचा अभ्यास करतो. थॅनॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्याला. आल्या दिवशीच त्यानं शब्द फोडून सांगितला होता. थॅनॅटॉस हा ग्रीकांचा मृत्युदेव, लोगॉस म्हणजे विचार, त्यावरून अभ्यास. "आणि झोपेचा देव हिप्नॉस त्याचा जुळा भाऊ. मग भ्यायचं कशाला?"

"आमचा यम एकटा येतो, रेड्यावरून," मी म्हणाले होते. "भावाला बरोबर आणत नाही."

काल पीठ पाहून तो हसला. "काकू, अजून हे चालतं?" मी टोपली पालथी घातली. बोलले असते तर फार बोलले असते.

सकाळी टोपली उचलली. ती जागची हललेली नव्हती. खोलीत यांच्या औषधाचा वास होता. पिठात पावलांच्या दोन जोड्या होत्या, माणसाच्या, हुबेहूब एकसारख्या. तिथून फरशीवर पांढरे ठसे निघाले होते. एक जोडी बंद दाराकडे गेली होती. दुसरी त्याच खोलीत झोपलेल्या शौनकच्या गादीपाशी, त्याच्या उशाशी थांबली होती. परतीचे ठसे नव्हते.

"शौनक..." मी हलवलं. "शौनक, ऊठ..."

श्वास चालू होता. चेहरा अगदी शांत.

"मेल्या, ऊठ!" मी किंचाळले. "ते जुळे भाऊ आहेत, हे तूच सांगितलंस ना? मग सांग, दोघांतला कोण गेला... आणि कोण इथे थांबलाय?"

डॉक्टर मघाशी येऊन गेले. प्रवासाचा शीण आहे म्हणाले, झोपू द्या, उठवू नका.

मी मात्र हाका मारतेच आहे. यांच्यासाठी त्यानं जे केलं नाही, ते मला त्याच्यासाठी करावं लागतंय, याचाच संताप होतो. उशाजवळचे ठसे मी ओल्या फडक्यानं पुसून काढले होते.

आता ते गादीवर आहेत.