अ‍ॅडमिरलचा दुभाषा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या आजोबांच्या, वेणीमाधव मास्तरांच्या बाबतीत घडलं. सोलापुरात, डिसेंबर १९३८ मध्ये. तेही रात्री नव्हे... दुपारी चारला, भरल्या सभेत.

आधी त्या साहेबाबद्दल सांगतो. विंटल त्याचं नाव. आरमारातला वैमानिक.

१९२२ साली, अशाच दुपारी चारच्या सुमाराला, मंगळवेढ्याच्या शिवारात त्याचं विमान बिघडून ज्वारीत उतरलं. येडू धनगर तिथं मेंढरं राखत होता. पंखाचा फटका बसला आणि तो जागीच गेला.

साहेब खाली उतरला. पंखाला पोचा आलाय का, ते आधी पाहिलं. येडूकडे वळूनही बघितलं नाही.

आसपास इंग्रजी येणारे एकटे आजोबा. साहेबानं सांगितलं, त्यांनी पंचनाम्यात लिहिलं...

‘शेतात कोणीही नव्हते.’

विमान वाचवलं म्हणून साहेबाला पदक! मग बढतीवर बढती. विमानं पोरांनी उडवायची, समुद्रात पोरांनी पडायचं, पायरी यानं चढायची. शेवटी अ‍ॅडमिरल झाला. असली माणसं वर जाणारच. आत वजन नसतंच ना!

तर सोलापुरात त्याचा सत्कार ठरला. दुभाषे म्हणून बोलावलं आजोबांनाच.

साहेब ऐटीत इंग्रजीत म्हणाला, “त्या शेतात मी आणि देव, दोघंच होतो.”

आजोबांनी भाषांतरासाठी तोंड उघडलं...

“मी बी हुतो की.”

आवाज आजोबांचा नव्हता.

लोक हसले. मास्तरांनी थट्टा केली असं वाटलं त्यांना.

साहेब पुढचं वाक्य बोलला.

“मी बी हुतो की.”

आता कुणी हसलं नाही.

साहेबाला मराठीचा गंध नव्हता. तरी त्यानं बोलणं थांबवून मागं वळून बघितलं. पण निर्लज्जानं भाषण पुरं केलं. हारही घालून घेतला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी आजोबा येडूच्या बायकोकडे, केराबाईकडे वस्तीवर गेले. सोळा वर्षांनी.

“केराबाई, तो खोटा कागद मी लिहिला.”

“ठावं हाय. त्यो सांगतो की रोज.”

“कोण?”

“आमचा धनी. चारच्या सुमाराला पानी मागाया येतो. काल तेवढा न्हाय आला. कुटं गेलता कुनास ठावं.”



बाहेर मेंढरं एकदम बाजूला सरली... कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

केराबाई तांब्या घेऊन उठली.

“बसा की मास्तर. तुमालाच भेटायचं म्हनत हुता.”

पुढं काय झालं, ते आजोबांनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की उठून जायचे.

मोठेपणी मी त्या वस्तीवर गेलो होतो. साहेबाला भेकड म्हणत आलो जन्मभर...

आणि चार वाजायच्या आत परत फिरलो.