बाजूच्या सीटचा फ्यूज

माझा साडू एका दातांच्या डॉक्टरांकडे गेला होता. दात दुखत होता म्हणून नाही, डॉक्टरांची गाडी दुखत होती म्हणून. हसा, आत्ताच हसून घ्या. आणि ते गॅलरीचं दार लोट गं, वारं येतंय.

साडू म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. "बघू, करंट कुठे मरतोय," हे त्याच्या तोंडी इतकं बसलंय की त्याचं नावच करंट पडलं. बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारते. भुताबिताचं नाव काढलं की तुमच्यासारखाच खो खो हसायचा. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, आणि सांगून होईपर्यंत माझा हात धरून बसला होता. एवढ्या वर्षांत त्याने माझा हात कधी धरला नव्हता.

मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. आभाळात चंद्र नव्हता आणि थंडी मी म्हणत होती.

डॉक्टर निवृत्त, एकटे, कानाने जरा कमी. त्यांची ती जुनी स्पोर्ट्‌स कार, दोनच सीटची आणि इतकी बुटकी की बसणारा थेट जमिनीवर बसल्यासारखा दिसतो. डॉक्टरांच्या बायकोचा त्या गाडीवर फार जीव. बाई आजारपणात गेल्या, आणि तेव्हापासून गाडीला खोड लागली. संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी सकाळी ठार! नवीन बॅटरी घातली, तीही तशीच. मेकॅनिक येऊन गेले. सगळे दिवसा आले, दिवसा तपासलं, दिवसा सगळं ठीक.

करंट म्हणाला, "आजार रात्रीचा, तर वैद्यानेही रात्रीच यायला हवं."

तो उजेड असतानाच पोचला. जुन्या गाड्यांत दाराच्या बिजागरीपाशी वायरी मोडतात, म्हणून आधी दोन्ही दारांची आतली पॅनल उघडून पाहिली. वायरी धडधाकट होत्या. मग पॅनल परत लावली, आणि इथेच चुकला. आतल्या हँडलपासून दाराच्या कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते. ती त्याने दोन्हीकडे सोडवली होती. जोडायच्या वेळी नेमकी घराची लाइट गेली, डॉक्टर हाका मारायला लागले, आणि त्या गडबडीत दोन्ही सळया तशाच राहिल्या. म्हणजे दारं बाहेरून उघडणार, आतून नाही.

जनरेटर गॅरेजच्या कोपऱ्यातच होता. डॉक्टरांनी तो चालू केला, घरात दिवे आले. "शटर मात्र वर असू द्या हं," एवढं बजावून ते माडीवर झोपायला गेले.

आता बघा माणूस कसा असतो. बंद जागेत इंजिन चालवू नका, त्या धुराने माणूस झोपल्या झोपल्या जातो, हे करंट सगळ्या जगाला सांगत फिरायचा. पण रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड आत येत होता आणि त्याचा तपासणीचा बल्ब दिसेना. पाच मिनिटांचं तर काम, म्हणून त्याने शटर खाली ओढलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ती तपासणी अशी. बॅटरीची एक तार काढायची आणि बॅटरी आणि तार यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. गाडी बंद असताना बल्ब लागला, तर कुणीतरी करंट खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या वाटेवर. आणि दारं बंद हवीत, नाहीतर आतला दिवा लागतो आणि सगळा हिशेब चुकतो. म्हणून करंटने तार लांब घेऊन बल्ब समोरच्या काचेवर, वायपरखाली अडकवला. आत बसला. दार ओढून घेतलं.

खट्ट.

बल्ब पेटलेला होता. करंट खूश. अंधारात गुडघ्यापाशी चाचपत एकेक फ्यूज काढला. हॉर्नचा, काचांचा, रेडिओचा. बल्ब तसाच. प्रत्येक फ्यूज परत लावत गेला. मग एक काढला, आणि बल्ब विझला.

हा फ्यूज सीटबेल्टच्या दिव्याचा. त्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटखाली एक बटण आहे. सीटवर माणूस बसला की ते वजनाने दाबलं जातं, आणि पट्टा लावला नसेल तर समोर लाल दिवा लागतो. करंटला वाटलं, बटण अडकलंय. सोपं काम! फ्यूज परत लावला. समोरचा लाल दिवा मंद, निखाऱ्यासारखा लागला. बटण मोकळं करायला त्याने हात बाजूच्या सीटखाली घातला.

बटण चांगलं होतं. अडकलेलं नव्हतं.

वरून दाबलेलं होतं.

सीटची गादी खाली गेलेली होती. मधोमध. कुणी बसल्यावर जाते तशी.

त्याने हात काढून घेतला. वर बघितलं नाही. म्हणाला, "भाऊ, मानच वळेना." फ्यूज उपटून मुठीत धरला. बल्ब विझला.

आणि पुन्हा पेटला.

फ्यूज त्याच्या मुठीत होता...

मग त्याने काय केलं असेल? तुम्ही कराल तेच. दाराचं हँडल ओढलं. ते हातात लुळं पडलं. पुन्हा ओढलं. मग आठवलं त्याला... सळई.

काय? मोबाइल? जाकिटात होता. जाकीट बाहेर, खिळ्याला. अवजारं बाहेर, कपाटावर. काच खाली करायला किल्ली फिरवून बटण दाबलं, तर वायपरखालचा बल्ब लख्ख पेटला आणि काच जागची हलली नाही. हॉर्न दाबला, तेच. सगळा करंट तो बल्बच खात होता. स्वतःच्या हाताने जोडलेला बल्ब! कोपराने काच ठोकली, बुटाने ठोकली. एवढ्याशा जागेत पाय उगारायलाही येत नव्हता. ओरडला. जनरेटरची घरघर, वर कमी ऐकणारा म्हातारा. कोण ऐकणार?

आणि मग त्याला वास आला. धुराचा.

जिवाची किंमत तेव्हा कळते, पोरांनो. त्याला धाकट्या लेकीची आठवण झाली. ती दुसऱ्या दिवशी सासरहून येणार होती, पहिल्यांदाच बाळ घेऊन. नातवाचं तोंड पाहायचं राहिलं, एवढंच त्याच्या मनात येत होतं. डोकं जड झालं. कानशिलं ठणकायला लागली. रडला तो. मला म्हणाला, "लहान पोरासारखा रडलो."

श्वासाने त्याच्याकडची काच धुकटली होती.

पलीकडचीही धुकटली होती. त्या बाजूला. तोंडाच्या उंचीवर... वाफ हळूहळू वाढत होती. मग थांबायची. मग पुन्हा.

कुणीतरी श्वास घेत होतं.

करंट दाराला चिकटून बसला. डोळे मिटले. जनरेटरच्या घरघरीतून एक बारीक आवाज यायला लागला. खरर... खरर... पलीकडच्या दारातून. दारावरून नाही. दाराच्या आतून, पॅनलच्या मागून. पत्र्यावर काहीतरी ओढत होतं. थांबत होतं. गाठ मारताना माणूस थांबतो, तसं.

मग थांबलंच.

टक्.

त्याला कळलं. सळई जोडली गेली होती, ते दार आता उघडणार होतं. पण हँडल त्या टोकाला. आणि मधे ती सीट. हात न्यायचा तर... कुणाच्या तरी मांडीवरूनच न्यायला लागणार होता.

बल्ब पेटलेला होता.

किती वेळ तसा बसला, त्यालाच माहीत नाही. मान छातीवर पडायला लागली. शेवटी नातवाचं नाव घेतलं म्हणे, ठेवलंही नव्हतं अजून, मनाचंच घेतलं, आणि हात पुढे केला.

थंड लागलं. कापड होतं. त्याखाली गुडघा होता.

हात तसाच पुढे नेला. हँडल ओढलं.

दार उघडलं.

पण आधी तो नाही उतरला. हे त्याने मला दोनदा सांगितलं. त्याचं अंग सीटवर आडवं पडायच्या आत सीटची गादी वर आली. फुस्स करून. त्याच्याआधी कुणीतरी उतरलं होतं.

तो हातापायांवर रांगत शटरपर्यंत गेला, जीव खाऊन ते वर ढकललं आणि बाहेर रस्त्यावर आडवा झाला. कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिलं, डॉक्टरांना उठवलं, जनरेटर बंद झाला. करंट वाचला. नातू आता त्याच्या मिशा ओढतो.

आणि बॅटरी? त्या रात्रीपासून एकदाही उतरली नाही.

नाही, संपली नाही अजून. बस खाली.

सकाळी उजेड पडल्यावर करंटने डॉक्टरांच्या देखत त्या बाजूच्या दाराचं पॅनल उघडलं. सगळे स्क्रू जागच्या जागी, घट्ट होते. आत सळईचं टोक हँडलला जोडलेलं होतं. तार नव्हती, क्लिप नव्हती. केस होते. लांब, पांढरे केस, आठ-दहा एकत्र पिळून, वर चांगली दुहेरी गाठ मारलेली.

करंटचे केस काळे, बोटभर. डॉक्टरांच्या डोक्यावर तर औषधालाही नाही. करंट त्यांच्या कानाशी म्हणाला, "डॉक्टर... बाईंचे असतील."

डॉक्टरांनी वाकून ती गाठ बोटाने चाचपली.

"तिचे कसे असतील हो?" ते म्हणाले. "तिचे केस कुरळे होते. आखूड. आणि शेवटच्या वर्षी, औषधांनी, एकही उरला नव्हता."