थोर पुरुषांतल्या बायका

“मॅडम, तुमच्या बायका पुरुषांत सापडल्या!”

मी शिडीवरून पडता पडता वाचले. खाली वाचनालयाचा नवा बुकबाइंडर उभा होता. बाहीवर वाळलेली खळ, डोळ्यांत मिश्कील हसू…

माझ्या बालविभागातली थोर स्त्रियांची पुस्तकं शोधून मी मेटाकुटीला आले होते. शनिवारपर्यंत ती मिळाली नाहीत, तर त्यांचं कपाट परीक्षेच्या गाइडांना जाणार होतं. “मुलं वाचत असती तर हरवली असती का?” असं ग्रंथपालबाईंनी ठणकावलं होतं. आणि वैमानिक, डॉक्टर, राण्या, सगळ्याजणी वरच्या मजल्यावर ‘थोर पुरुष’ अशी पाटी असलेल्या कपाटात! थोर म्हटलं की पुरुषच, असं कुणीतरी गृहीत धरलेलं.

“पुन्हा हरवतील हो ती,” मी कुरकुरले.

“कशी हरवतील? सगळ्यांच्या पाठीला लाल कापड लावतो.”

“लालच का?”

“तुम्हाला छान दिसतो… म्हणजे – लांबून दिसतो.”

मी उगाचच आणखी एक पायरी वर चढले.

शनिवारी ग्रंथपालबाई आल्या, तर कपाट रिकामं! मग खिडकीपाशी मुलांचं खिदळणं ऐकू आलं. वळून पाहिलं… खिडकीत लाल, टेबलाखाली लाल, जिन्यावर तर लालच लाल! दोन मुली एकाच राणीसाठी हमरीतुमरीवर आलेल्या.

“एक कपाट पुरायचं नाही तुला,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

त्यानंतर वैमानिकेचं पुस्तक सारखं उसवायला लागलं. ते न्यायला तो यायचा, परत द्यायला यायचा, आणि मधे तासभर रेंगाळायचा. एकदा त्यानं ते उजेडात धरलं.

“शिलाई कात्रीनं कापलीय.”

“उंदीर असतील…”

“कात्री चालवणारे?”

माझा चेहरा त्या कापडासारखा लाल झाला. पण आता माघार कसली? “मीच कापली! तुम्ही यावं म्हणून.”

तो ओठ दाबून हसत होता. “आणि मी येडा – मुद्दाम खळ पातळ लावत होतो. पुस्तक लवकर सुटावं म्हणून!”

आम्ही इतके हसलो की मुलांनीच आम्हाला “शूऽऽ” केलं.

मी पुस्तक त्याच्या हातात ठेवलं, हात मात्र तिथंच राहू दिला. “आता घट्ट शिव. आणि तरीही ये.”

“अहो-जाहो संपलं वाटतं?”

“संपलं.”

“मग ऐक ना,” तो म्हणाला, “उद्या येतो. पुस्तक न घेता.”