गोळी सुटली

चौगुलेमावशींच्या चार गोळ्या एकदम सुटल्या, तेव्हा त्यांनी अख्ख्या ओपीडीत पेढे वाटले. मिरजेत आता ही रीतच पडली होती. पूर्वी पोरगा पास झाला की वाटायचे, आता गोळी सुटली की.

"घ्या की डॉक्टर. माळीबुवांची कृपा! बारा होत्या, आठ राहिल्या. म्हणजे मी बरी व्हायला लागले, नव्हं?"

डॉ. मृदुला आवटीने पेढा घेतला, हसली आणि तो टेबलाच्या कडेला ठेवून दिला. मावशी बाहेर गेल्यावरही तिने तो खाल्ला नाही.

माळीचं सरकारी नाव 'औषधछाटणी प्रणाली' होतं, पण ते उच्चारायला कुणाला वेळ होता! जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात हे बुद्धियंत्र बसवलेलं होतं. रुग्णाचे अहवाल, नाडी, झोप, चाल सगळं वाचायचं आणि निरुपयोगी औषधं छाटायचं. ते बसवावं म्हणून सगळ्यात जास्त भांडली होती ती मृदुलाच. पंधरा-पंधरा गोळ्या गिळून चक्कर येऊन पडणारी म्हातारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती. पहिली दोन वर्षं ती माळीच्या प्रेमातच होती म्हणा ना. मग तिच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. पेढे देऊन गेलेली माणसं पुढे फार दिवस दिसत नव्हती.

त्यात काल संध्याकाळी घरी अप्पांनी बातमी दिली. तिचे वडील भूपाल आवटी म्हणजे मिरज एसटी स्टँडावरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं गाड्या पुकारलेला आवाज साखरेने डोळे नेले तरी शाबूत होता.

"मृदू, माझी सुई सुटली! दिवसातनं चारदा पोटाला भोकं पाडून घ्यायचो, आता सकाळी एक गोळी. साखर जरा वर राहिली तरी चालेल म्हणे. अन् ते रक्त पातळ करायचं औषधसुद्धा बदललं. दर आठवड्याला रक्त तपासणं बंद!"

एवढं सांगून ते गॅलरीत गेले आणि समोरच्या इमारतीलाही त्यांनी ते ऐकवलं.

मृदुलाने हिशेब मांडला. साखर वर राहिली तरी चालेल, असं डॉक्टर कधी म्हणतो? साखरेला उरलेलं शरीर पोखरायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं हातात नसतील, तेव्हाच म्हणतो.

म्हणून आज मावशी जाताच ती तडक तळमजल्यावर इम्तियाज बागवानकडे गेली. तो दवाखान्याचा औषधशास्त्रज्ञ आणि तिचा वर्गमित्र. माळीची घडी त्यानेच बसवून दिली होती.

"बागवान, खरं सांग. अप्पांचा शेषकाळ किती? किती दिवस उरलेत त्यांचे?"

"बस आधी. चहा?"

"चहा गेला खड्ड्यात."

इम्तियाजने चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत सापडला की तो पुसायचा, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं.

"माळी शेषकाळ कुणाला सांगत नाही. नोंदलेल्या रुग्णानं स्वतः विचारलं तरच. तसा कायदाच आहे, आणि त्या कायद्याला हात वर करणाऱ्यांत तूही होतीस. मलाही तो आकडा दिसत नाही."

"पण मोजतो कसा, ते तर तुला ठाऊक आहे."

"तुलाही आहे. कोलेस्टेरॉलची गोळी आज सुरू केली तर गुण यायला दोन-अडीच वर्षं जातात. हा तिचा लाभकाळ. माणसाचा शेषकाळ त्याहून कमी असेल, तर ती गोळी म्हणजे नुसता ताप. छाटा. बीपीच्या गोळीचा लाभकाळ वेगळा, हाडांच्या औषधाचा वेगळा. शिवाय हस्तभार बघतो. औषध द्यायला, लक्ष ठेवायला किती हात लागतात आणि ते हात घरात आहेत का."

"तो प्रश्न आमच्याकडे नाही. अप्पांना मी आहे."

"हं."

"लोक म्हणतात गोळी सुटली," मृदुला उठता उठता म्हणाली. "बंदुकीतनं सुटते तशीच की रे. ज्याला लागते त्याला आवाज ऐकू येत नाही, एवढंच."

इम्तियाज चष्मा पुसतच राहिला. हा काहीतरी लपवतोय, असं तिच्या मनाने घेतलं.

त्या आठवड्यात तिने अप्पांना यंत्रांखालून अक्षरशः पिळून काढलं. रक्त, हृदय, फुफ्फुसं, पोटाचं चित्रण, सगळं झालं. काही सापडेना. जेवताना ती त्यांचे घास मोजायची, खोकले की कान टवकारायची. अप्पा तर दुसरी भाकरी मागून घेत होते.

"मला झालंय तरी काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग आवाज असा का तुझा? शेवटची गाडी चुकल्यासारखा?"

रविवारी सकाळी ती त्यांच्या औषधांचा डबा भरायला बसली. एकेका कप्प्यात एकेक गोळी टाकत असताना तिचा हात थबकला. हातात कोलेस्टेरॉलची गोळी होती.

ही कशी राहिली?

तिने माळीने दिलेलं औषधपत्र पुन्हा उघडलं. कोलेस्टेरॉलची गोळी कायम. हाडांसाठी वर्षातून एकदा द्यायचं सलाइन पुढची तीन वर्षं कायम. ज्यांचा गुण सगळ्यात उशिरा येतो, तीच औषधं माळीने ठेवली होती. अप्पा लवकर जाणार असते, तर त्याने हीच आधी छाटली असती.

मग छाटलं काय? आकडा बघून टोचायची सुई. रक्त तपासून कमी-जास्त करायची गोळी. उरलेल्या गोळ्या अप्पा चाचपून स्वतः घेऊ शकत होते, सलाइन दवाखान्यातच मिळायचं. गेलं ते सगळं घरात दुसऱ्या कुणीतरी द्यायचं होतं. म्हणजे तिने.

मृदुला खुर्चीत मागे टेकली. घोट्यांवर मोज्यांची रेघ खोल उमटली होती. हल्ली रोजच उमटायची. जिना चढताना लागणारी धाप तिने वयाच्या खात्यात टाकली होती, रात्रीची तिसरी उशी मानेच्या. दुसऱ्या कुणा बाईने ओपीडीत हेच सांगितलं असतं, तर तिने वाक्य पुरं व्हायच्या आत निदान केलं असतं.

तिने इम्तियाजला फोन लावला.

"घरातला हात कसा आहे, हे माळीला कसं कळतं?"

"इन्सुलिनच्या पेनवरनं. दाबणाऱ्या बोटाची नाडी वाचतं ते. भलत्या कुणी देऊ नये म्हणून ठेवलंय. का गं?" मग त्याच्याही लक्षात आलं. "मृदुला... अप्पा नव्हेत?"

"नव्हेत."

"मी येतो."

"येऊ नको. मला वाटत होतं, तुला माहीत होतं."

"हस्तभाराचा संशय आला होता. पण तू म्हणालीस, मी आहे. मग पुढे बोलायची हिंमत झाली नाही."

"बरं. मग आता एवढं सांग, तो उपचार धरून मोजतो का?"

"नाही. जसं चाललंय तसंच चालू राहिलं तर, एवढंच मोजतो. आणि तुझे उपचार कुठले! तू तर रुग्ण म्हणून नोंदलेलीसुद्धा नाहीस."

"डॉक्टर आहे मी."

"तेच ना, बाई."

सोमवारी मृदुला स्वतःच्याच ओपीडीत टेबलाच्या अलीकडे, रुग्णाच्या खुर्चीत बसली. अप्पांना घरी थांबा म्हणून सांगितलं होतं. ते काठी टेकत रिक्षात तिच्या आधी जाऊन बसले होते.

सोनोग्राफीत दिसायचं ते दिसलं. हृदय निम्म्या जोरानेच रक्त ढकलत होतं. स्नायू थकला होता, मेला नव्हता. यावरची चार औषधं तिला पाठ होती. तज्ज्ञ त्यांना चार खांब म्हणत. चारही लवकर सुरू करायची आणि हळूहळू वाढवत न्यायची. मात्र रोज वजन, रोज बीपी, रोज पायांची सूज बघणारं कुणीतरी घरात हवं. एकट्या माणसाला माळी चार खांब देत नसे. त्याला मिळे नुसती पाणी उतरवायची गोळी, तेवढीच तात्पुरती सोय. अशा कितीतरी कागदांवर तिने स्वतः बिनदिक्कत सही केली होती.

तिने माळीला शेषकाळ विचारला नाही. औषधपत्रच सगळं सांगणार होतं.

पडद्यावर प्रश्न उमटला आणि माळीने तो मोठ्याने वाचलाही. "तुमच्यावर लक्ष ठेवणारा हात कुणाचा?"

मृदुलाने तोंड उघडलं. नवरा केव्हाच वेगळा झालेला, भाऊ परदेशात. घरातला हात म्हणजे तीच, असंच तिचं आजवरचं गणित होतं. "कुणाचा ना—"

"भूपाल आवटी," मागून स्टँडावरचा आवाज आला. "लिही रे."

"अप्पा, तुम्हाला दिसत नाही."

"सूज बघायची असते की चाचपायची?"

"चाचपायची. नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा राहतो का ते पाहायचं."

"मग डोळे कशाला लागतात त्याला? वजनकाटा बोलका आण, बीपीचं मशीन बोलकं आण. तुझ्या तोंडचं तर मी ऐकून घेतोच की रोज."

"बोट पट्टीवर ठेवा," माळी म्हणाला.

अप्पांनी चाचपडत बोट ठेवलं. मृदुलाने ते सरळ करून दिलं आणि हात तसाच त्यांच्या मनगटावर राहू दिला. माळी नाडी वाचत होता. या हाताचा शेषकाळ किती, हे तो आता तोलणार. पण त्याचं उत्तर तिला कालपासून ठाऊक होतं, माळीनेच दिलेलं: पुढची तीन वर्षं हाडांचं सलाइन.

तरी यंत्राचा काय भरवसा!

पहिली ओळ उमटली. पाणी उतरवायची गोळी.

मग पडदा नुसताच उजळत राहिला. ओपीडीबाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं. मृदुलाने श्वास धरून ठेवला, तिला धरता आला तेवढा.

दुसरी ओळ उमटली. तिच्याखाली तिसरी उमटू लागली.

"काय म्हणतोय माळी?" अप्पांनी विचारलं. "झालं का लिहून?"

"नाही, अप्पा," ती म्हणाली. "अजून लिहितोय."