वाजवणाऱ्याचं पाणी

बसा. कृष्णराज, तू नवरदेव, तू खुर्चीवर बस. बाकीचे चटईवर. डीजे ठरवून आलात म्हणे. बरं झालं. मी काही 'नको' म्हणणार नाही, माझ्या 'नको'ला या घरात विचारतंय कोण? बत्तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली, अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली, आणि परवा एक पोरगं मला विचारतं, "आजोबा, तुम्ही बँडमध्ये डफडं धरायचा का?" हर्षाली, हसू नकोस. तो अंगणातला बल्ब तेवढा बंद कर, डोळ्यांवर येतोय. हां.

एक झालेली गोष्ट सांगतो, मग झोपायला जा. ज्याच्यावर ती बेतली तो धनाजी, आमच्या बँडातल्या ढोलवाल्या गौरीशंकरचा थोरला. गौरीशंकर आता नाही. धनाजी आहे. बेंबळीत किराणा दुकान टाकलंय त्यानं, दुकानात साधा रेडिओसुद्धा लावत नाही. गेल्या वर्षापर्यंत हाच माणूस डीजेवाला होता, आणि त्याचा डीजे लागला की तीन गावांतली कुत्री घर सोडून पळायची.

गेल्या वर्षी एप्रिलात ढोकीच्या आण्णासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या मुलाचं, दिग्विजयचं लग्न होतं. ऊसवाले मोठे शेतकरी, मनात आलं की होतं. "आवाज असा पायजे, की कारखान्याचा भोंगा ऐकू यायला नगं," म्हणाले. धनाजीनं सुपारी घेतली आणि परत जाताना माझ्याकडं डोकावला. उन्हाचा आला होता. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसायला लागला.

"काका, मागं डिसेंबरात एका वाडीत वाजवत हुतो. एक म्हातारी आली, धुरपदाबाई नावाची. तांब्या घेऊन, गर्दीतनं वाट काढत. म्हनली, 'पाणी घे, बाळा.' मला बी तहान लागलेली. म्या एका हातानं मिक्सर धरला, एका हातानं सगळा तांब्या रिकामा केला, अन् तिला परत दिला. तर म्हातारी जागची हालंना! नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं."

मी विचारलं, "वाजवत वाजवत प्यालास?"

"मग? बंद कशाला करायचं?"

पोरांनो, इथंच त्याचं चुकलं होतं. तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्या वाजपाचा एक नेम होता. वरात चालू असताना एखाद्या घरातून कुणी पाण्याचा तांब्या घेऊन वाजवणाऱ्यापुढं आलं, की आधी वाजप थांबवायचं आणि मग पाणी प्यायचं. का, ते विचारायचं नाही. त्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असायचं, नाहीतर बाळंतीण असायची, नाहीतर नुकतंच कुणी गेलेलं. लोकांच्या शुभकार्यात 'बंद करा' कसं म्हणणार? तोंडातून अपशकुनी शब्द नको, म्हणून पाणी. आपण ते प्यायचं, तांब्या परत द्यायचा आणि ते घर ओलांडेपर्यंत मुकाट चालायचं. गौरीशंकर तर ढोलाच्या कातड्यावर तळवा टेकवून चालायचा, चुकून धक्का लागला तरी ढोल बोलू नये म्हणून.

आणि हे धनाजीला माहीत नव्हतं असं नाही. बापाच्या मागं लहानपणी हिंडलाय तो. विसरला. किंवा डीजेला असले नेम लागू नाहीत असं वाटलं असेल.

"त्या घरात कोण आजारी होतं?" मी विचारलं.

त्याचं हसू जरा कमी झालं. "तिचा मालक. छातीचं दुखनं व्हतं म्हणं. त्याच रातीला गेला... वय झालतं, काका. ती बी गेली की महिन्याभरात. आता सून तेवढी हाय घरात."

मला राग आला. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलाय, म्हणून जास्त आला. म्हटलं, "आधी त्या वाडीला जा. त्यांच्या सुनेच्या पाया पड. नंतर कुठं वाजव."

"जातो की. आण्णासाहेबाचं लगीन झालं की जातो."

तर मे महिन्याची अठरा तारीख, रविवार. लग्न दुपारी लागलं आणि रात्री वरात निघाली. सव्वाआठला ढोकीच्या मारुतीपासून. दहाला वाजप बंद, हा कायदा आण्णासाहेबांनासुद्धा मोडता येत नाही, म्हणून पावणेदोन तासांतच सगळी हौस भागवायची होती. धनाजीनं त्यासाठी दुसऱ्याकडून चार बॉक्स जादा आणले होते. आता टेम्पोतली रचना ध्यानात घ्या. तिन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच बॉक्स, वर ताडपत्री आणि मधे खोपटाएवढी जागा. तिथं वाजवणारा बसतो. आतबाहेर करायला एका अंगाला वाट ठेवतात. त्या दिवशी जादा बॉक्स मावेनात. म्हणून धनाजी आधी आत बसला, वाटेच्या जागी दोन बॉक्स उभे केले, आणि ड्रायव्हर सिदूनं बाहेरून पट्टे आवळले.

सिदू म्हणाला, "आतमंदी कोंडल्यागत व्हईल, मालक."

धनाजी म्हणाला, "दीड-दोन तासाचा तर खेळ हाय. आवळ."

दोन बॉक्सच्या मधे चार बोटांची फट राहिली होती. तेवढ्यातून त्याला बाहेरचं दिसत होतं. फेटे, घोडा, लाल-निळे दिवे, नाचणारी पोरं.

पावणेनऊला त्याला तहान लागली. पाण्याची बाटली पुढं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये राहिली होती. त्यानं सिदूला फोन लावला. उचलला नाही, त्या आवाजात ऐकणार कुठून? पुन्हा लावला. मग बॉक्सवर थापा मारल्या, मग हाका मारल्या. फटीला तोंड लावून ओरडला. हातभर अंतरावर एक पोरगं नाचत होतं, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला नंतर सांगताना तो काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, "काका, माझाच आवाज मला भाईर जाऊ दीना."

नऊ वाजले. आत भट्टी झाली होती. जनरेटरचा धूर ताडपत्रीखाली साठत होता, डोळे चुरचुरत होते. आता तहानेपेक्षा वाऱ्याची गरज होती. त्यानं ठरवलं, आवाज बंद करू. बंद झाला की लोक ओरडतील, सिदू बघायला येईल, पट्टे सोडेल. साधी गोष्ट.

त्यानं मिक्सरवरचा मुख्य आवाज खाली ओढला.

आवाज तेवढाच.

लॅपटॉप बंद केला. वायर उपटली.

आवाज तेवढाच.

मशीनची सगळी बटनं दाबली. हिरवे दिवे एकेक करून गेले. आत मिट्ट काळोख. फटीतून येईल तेवढाच उजेड.

तरी वाजतच होतं.

मग गाणं गेलं. शब्द गेले, सूर गेले. फक्त खालचा ठोका राहिला. धड... धड... धड... बाहेर लोक नाचत होते, पण ते दुसऱ्याच कशावर नाचत होते. आत जे वाजत होतं ते त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचे पाय वेगळे पडत होते आणि हा ठोका वेगळा.

धड... धड... एक चुकला. धड.

धनाजीनं तो ओळखला. गौरीशंकर गेला तेव्हा यानं बापाच्या छातीवर कान ठेवला होता. अगदी तसाच ठोका. म्हाताऱ्या माणसाच्या छातीतला. घाबरलेला.

धड... ... धड.

आणि त्याची स्वतःची छाती... त्याच ठोक्यावर चालायला लागली. तो चुकला की हीही चुकायची. हा थांबला की आपणही थांबणार, हे त्याला कळलं. कुणी सांगायला लागलं नाही.

तो रडला. लाज वाटायचं कारण नाही, मीही रडलो असतो. त्यानं फटीपुढं हात जोडले. बाहेर आण्णासाहेब फेट्याचा शेमला उडवत नाचत होते. त्यांनी याच्याकडं बघितलं आणि... हसून हात वर केला. त्यांना वाटलं, पोरगं नमस्कार करतंय.

ती म्हातारीसुद्धा अशीच उभी असेल. गर्दीत. नुसती बघत.

मग फटीतला उजेड गेला. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं होतं.

एक हात आत आला. हिरव्या काचेच्या बांगड्या, डिसेंबरातल्या त्या रात्री होत्या तशाच. हातात तांब्या. चार बोटांच्या फटीतून तांब्या येतो कसा, हे मला विचारू नका. मी त्याला विचारलं नाही. आला.

"पाणी घे, बाळा."

...

जीभ टाळ्याला चिकटलेली. समोर गार पाणी. त्याचा हात पुढं गेला...

आणि थांबला.

"आजी," तो म्हणाला, "आधी... वाजप..."

पण बंद कसं करणार? बटनं संपली होती. वायरी संपल्या होत्या. काही उरलंच नव्हतं. धड... ... ... धड.

तेव्हा त्याला बाप आठवला. चालताना ढोलावर टेकवलेला तळवा.

तो गुडघ्यांवर सरकत गेला. सगळ्यात मोठ्या बेसच्या पडद्यावर त्यानं उजवा तळवा ठेवला. हळूच. पडदा गरम होता. ऊबदार. वर-खाली होत होता. तळव्याखाली छाती होती, पोरांनो... माणसाची छाती.

"झालं, आजोबा," तो म्हणत राहिला. "झालं. झालं. निजा आता."

धड... ... ...

धड... ... ... ...

मग नाही.

दहा वाजून दोन मिनिटांनी सिदूनं पट्टे सोडले. धनाजी बेशुद्ध होता, तळवा तसाच पडद्यावर. तोंडावर पाणी मारलं, वारा घातला, तेव्हा डोळे उघडले. छाती चालू होती. बाहेरचे सगळे सांगत होते की गाणी शेवटपर्यंत झकास वाजली, कुठं खंड नाही, आणि बरोबर दहाला बंद झाली. आण्णासाहेब तर म्हणाले, "पोरगं घड्याळाचं पक्कं हाय." मी मान्य करतो, धुरानं माणसाला काहीबाही दिसतं. डॉक्टरही तेच म्हणाला. मलाही तसंच म्हणून सोडून देता आलं असतं.

पण मिक्सरवर तांब्या होता. पितळेचा, काठोकाठ भरलेला. ज्या टेम्पोत खिळे ढिले होतात, तिथं त्यातलं थेंबभर पाणी सांडलं नव्हतं. सिदूनं तो स्वतः दोन्ही हातांनी खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी त्या वाडीला गेला. सून शरणम्मा दारातच बसली होती. तो तिच्या पाया पडला, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग दोन्ही हातांत जपून आणलेला भरला तांब्या तिच्यापुढं ठेवला. तिनं तो जागच्या जागी फिरवून बघितला. काठाखाली नाव कोरलेलं होतं, धुरपदाबाई, आणि खाली वाडीचं नाव.

ती म्हणाली, "सासूच्या तोंडात शेवटचं पाणी ह्याच्यानंच घातलंतं. तेराव्याचे दिस झाल्यावर म्या माझ्या हातानं तेरणेत सोडला ह्यो. लई खोल पाण्यात." आणि तांब्या त्याच्याकडं सरकवला. "मला नगं, दादा. त्यांनी तुमाला दिलाय."

धनाजीनं ते पाणी तिच्या उंबऱ्याबाहेर तुळशीला घातलं आणि तिथून थेट माझ्याकडं आला. रिकामा तांब्या माझ्या पुढ्यात ठेवला. "काका, बाबाच्या जागी तुमीच. तुमी ठेवा." डीजे त्यानं त्याच आठवड्यात विकून टाकला.

तेव्हापासून तो तांब्या आतल्या कोनाड्यात असतो. मी रोज पुसतो आणि पालथा घालतो. कोरडा असतो. एरवी कोरडाच असतो.

आज संध्याकाळी तुमचा डीजेवाला गल्लीत आवाज लावून बघून गेला ना? समोरच्या घरात राजेश्वरीचं बाळ आहे, नऊ दिवसांचं. कळवळून रडत होतं बिचारं, तुम्हाला ऐकू आलं नसेल. मला आलं. मी दुपारीच तांब्या पुसून पालथा घातला होता. पण संध्याकाळपासून मी त्या खोलीत गेलो नाही. खरं सांगतो, धीर होत नाही.

हर्षाली, तू जा. मोबाईलची बॅटरी लाव. कोनाडा डाव्या हाताला आहे.

...

काय गं?

...

बोल की.

...

बरं. नको बोलूस. दोन्ही हातांनी धर... हळू आण.

सांडू नकोस.