तिकोनीचं झाकण

"अहो, कँटीन कुठे आहे?"

हा प्रश्न कोणीतरी माझ्या पायांना विचारला होता. उरलेली मी विमानाच्या नाकाखाली उताणी पडले होते. दातांत टॉर्च, हातात पाना आणि गालावर नुकताच पडलेला तेलाचा थेंब.

"पाय बोलत नाहीत," टॉर्च काढून मी म्हटलं. "जरा खाली वाका."

तो वाकला. आधी अवजारांची निळी पिशवी दिसली, मग गॅसचं छोटं सिलिंडर, मग... डोळे. शांत, थोडे हसरे.

"कँटीनचा फ्रिज दुरुस्त करायला आलोय."

"टॉवरच्या मागे, उजव्या हाताला. पण जायच्या आधी हा टॉर्च धराल का? दात दुखायला लागलेत."

धरला की! आणि कसा... माझा हात जिकडे वळे तिकडे उजेड माझ्या आधी पोहोचलेला. सांगावंही लागत नव्हतं. आमचा काका टॉर्च धरतो तेव्हा उजेड इंजिनावर कमी आणि माझ्या डोळ्यांत जास्त पडतो.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. धंदा मोटारींच्या गॅरेजचा, वेड मात्र विमानाचं. हे दोघांना बसण्याजोगं विमान आम्ही काका-पुतणीने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. विमान चालवायचा परवाना माझ्याकडे, म्हणून उडवणार मी. इंजिन निवडलं काकाने, आणि त्याने हट्टाने जुन्या मोटारीतलं रोटरी इंजिन नाकात बसवलं.

"यात पिस्टन कुठे आहेत?" फ्रिजवाल्याने विचारलं.

"नाहीतच. आत दोन तिकोनी चाकं गरगर फिरतात. काही वरखाली आपटत नाही, काही नाही. काका हिला तिकोनीच म्हणतो."

आता हा हसणार, म्हणून मी वाट बघत राहिले. धावपट्टीवरचं झाडून सगळं जग तिकोनीला हसत होतं.

"किती सुंदर," तो हळूच म्हणाला.

इंजिनाबद्दल म्हणाला बरं का. मी स्वतःला तसं दोनदा बजावलं.

पण सुंदर असून उपयोग काय? तिकोनीने आमच्या नाकी नऊ आणले होते. सुरू केली की कशी छान गुणगुणायची. शेपटी खुंटाला बांधून पूर्ण जोर दिला की थोडा वेळ गर्जायची आणि मग... खोकला. आणखी एक उबळ, आणि बंद! आम्ही धावत जायचो, काउल म्हणजे इंजिनावरचं झाकण काढायचो, तपासायचो, पुन्हा सुरू करायचो. तेव्हा मात्र ती शहाण्या मुलीसारखी चालायची! आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलल्या, कार्ब्युरेटर खोलून लख्ख धुतला. दर वेळी वाटायचं, सापडलं. झाकण लावून बाहेर काढलं की पुन्हा तोच खोकला.

शेवटी काकाने तोंड पाडून सांगून टाकलं, "शनिवारी उड्डाणाची परवानगी देणारे तपासनीस येणार. त्यांच्यासमोर हिने दम तोडला, तर विमान सुट्या भागांत विकायचं. जे इंजिन जमिनीवरच दगा देतं, त्याच्या भरवशावर मी माझ्या पोरीला वर पाठवणार नाही."

बोलला आणि पाठ फिरवून उगाचच पाने पुसत बसला. तो रडवेला झाला की पाने पुसतो. मला भरून आलं. ज्या पंखाची प्रत्येक पट्टी मी घासली होती, तो पंख कोणा परक्याच्या टेंपोत चढताना मला दिसायला लागला.

फ्रिजवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला.

"फ्रिज अजून बरा नाही?" मी भुवया उंचावून विचारलं.

"जरा... नाजूक केस आहे."

कँटीनच्या मावशी चहाचे ग्लास घेऊन येतच होत्या. "फ्रिजला काय धाड भरलीय? परवापासून बर्फ धरतोय," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकचंच काहीतरी बिघडलंय."

त्याचे कान लालबुंद झाले. मी मान खाली घालून एक नट घट्ट केला, जो आधीच घट्ट होता.

मला तो आवडायला लागला होता. त्याचं ऐकणं आवडायचं. इंजिन चालू असताना तो पंखाशी डोळे मिटून उभा राहायचा, आणि मी बोलतानाही तसाच, पण डोळे उघडे ठेवून.

"तुमचे हात फार छान चालतात," एकदा तो म्हणाला. "न बघता बरोबर नटावर जातात."

"तेलकट आहेत."

"तेही बघितलं," तो म्हणाला.

गुरुवारी मात्र माझा धीरच सुटला. काका इंजिन उघडायला निघाला होता. आतल्या चाकांच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या असणार, असं त्याचं म्हणणं. ते खोललं असतं तर शनिवार हातचा गेलाच असता.

"एक विचारू?" फ्रिजवाला म्हणाला. "तुम्ही बिघाड शोधताना हे झाकण दर वेळी काढताच?"

"मग? झाकून ठेवून कसं शोधणार?" काका खेकसला.

"नाही... मी रोज बघतोय. झाकण उघडं असलं की हिला काहीच होत नाही. मग झाकण हाच आजार असला तर?"

आम्ही इतके दिवस आजार शोधायला म्हणून आधी आजारच काढून बाजूला ठेवत होतो! मी काकाकडे बघितलं, काकाने माझ्याकडे.

मी तडक वाकले. धूर सोडणारा पाइप रोटरीत भयंकर तापतो, आणि पेट्रोलची नळी आम्हीच त्याच्या शेजारून नेली होती. उघड्यावर वारा लागायचा. झाकणाखाली मात्र नुसती भट्टी.

"पेट्रोल नळीतच उकळतंय, इंजिनाला नुसती वाफ मिळतेय!" मी ओरडले. "आणि पंप पुढे आहे. तो टाकीतून पेट्रोल ओढून आणतो..."

"ओढलं की दाब घटतो, आणि द्रव लवकर उकळतो," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "फ्रिजमध्ये आम्ही तेच मुद्दाम घडवतो."

"म्हणजे पंप मागे न्यायचा. टाकीजवळ, खाली. पेट्रोल ओढायचं नाही, ढकलायचं! नळी दुसऱ्या बाजूने, तिच्यावर आवरण, आणि झाकणाला एक वाऱ्याची वाट..."

मी खडूने जमिनीवर काढत सुटले. मान वर केली तर तो चित्राकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, तोंड थोडं उघडं ठेवून. इतकं कौतुक कोणाच्या चेहऱ्यावर मी माझ्यासाठी कधी बघितलं नव्हतं. मला खडू कुठे ठेवावा तेच सुचेना.

"बघत काय बसलात? पत्रा कापा!" काका गरजला. आवाजात मात्र जीव आला होता.

शनिवारी तपासनीस आले. काकाने स्वतः झाकण लावलं, एकेक स्क्रू पिळला. शेपटी खुंटाला. मी पूर्ण जोर दिला. तिकोनी गर्जली... गर्जत राहिली. खोकल्याची वेळ आली... आणि निघून गेली. तपासनीस थांबा म्हणेपर्यंत ती एकदाही शिंकली नाही. त्यांनी सही केली आणि काका पुन्हा पाने पुसायला बसला.

मी हसत होते, पण आत कुठेतरी चुकचुकत होतं. फ्रिज बरा, तिकोनी बरी. आता हा माणूस इकडे कशाला येणार?

रविवारी सकाळी वारा अगदी पडलेला होता. मी एकटीने विमान धावपट्टीवर घेतलं आणि... चाकांची खडखड एकाएकी थांबली. खाली काका टोपी हलवत होता. त्याच्या शेजारी तो उभा, डोळे मिटून. ऐकत होता. मला वरून रडू आलं, आनंदाचं.

उतरल्यावर नाकाखाली शिरून गळती बघायची, हा नियमच. मी उताणी पडले. पावलं जवळ येऊन थांबली.

"आज कँटीन शोधत नाहीये," आवाज आला. "तोंडावर बोलायला गेलो की धीर सुटतो, म्हणून तुमच्या पायांना सांगतोय. फ्रिज पहिल्याच दिवशी बरा झाला होता. मी तुमच्यासाठी येत होतो. आता निमित्त संपलं, पण मला यायचंय... रोज. मला तुम्ही फार आवडता."

त्याला थोडं ताटकळत ठेवता आलं असतं. पण झाकून ठेवलं की काय होतं, ते मी चांगलंच शिकले होते.

"पायांनी ऐकलं," मी म्हटलं. "पण त्यांना हे 'तुम्ही' नको आहे."

"मग?"

"तू म्हण. आणि मलाही तू आवडतोस, फ्रिजवाल्या. टॉर्च धरलास ना, तेव्हापासून."

मग तो वाकला आणि सरळ माझ्या शेजारी जमिनीवर आडवा झाला.

"तू..." एवढंच म्हणाला आणि पुढचं विसरला.

"धर," मी टॉर्च त्याच्या हातात दिला. "एक नट बघायचा राहिलाय."

त्याने धरला. पण आज पहिल्यांदाच त्याचा उजेड चुकला, इंजिन सोडून थेट माझ्या डोळ्यांत पडला. मी डोळे मिटले नाहीत.